आईला कळलेला ऑपेरा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला होता. माहेरवाशिणी परतल्या होत्या, अंगणातल्या निंबाचा झोका मात्र अजून सोडायचा राहिला होता. गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत पसरत होते, तेवढ्यात गल्लीतले सर खालूनच म्हणाले, "रविवारी संध्याकाळी मोकळ्या असाल तर माडीवर या. या वेळी ऑपेरा लावतोय. आईंनाही आणा."

सर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेत. महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्या माडीवर गाणं ऐकायला वीस-पंचवीस जण जमतात. कधी कुमार गंधर्व, कधी किशोरीताई, कधी नुसती शहनाई. मी जवळजवळ दर वेळी जाते. ऑपेरा, म्हणजे तिकडचं गाऊन करायचं नाटक, मात्र कधी पाहिला नव्हता, आणि अमळनेरात बसून पाहीन असं मनातही आलं नव्हतं. माझी अडचण वेगळीच होती. भाषा इटालियन, खाली येणाऱ्या ओळी इंग्रजी, आणि आई घरात अहिराणीशिवाय बोलत नाही. तिला तीन तास कुठे बसवून ठेवायचं? मी तसं सरांना म्हटलं. ते म्हणाले, "त्यांनी रात्र-रात्र वहीगायन, गाऊन सांगितलेल्या गोष्टी, ऐकल्यात ना? मग आणा."

त्यांनी दोन कागदांवर गोष्ट लिहून दिली आणि फोनवर तीन तुकडे पाठवले. गोष्ट आधी वाचाच, असं बजावलं. मी विचारलं, शेवट आधी कळला तर पाहण्यात काय उरलं? "सौभद्रात सुभद्रा शेवटी अर्जुनालाच मिळते, हे प्रेक्षकांत कोणाला माहीत नसतं? तरी १८८२ पासून लोक बघतायत ना?" हे मला लगेच पटलं. माझे वडील रेडिओवरच्या नाट्यसंगीतावर जगलेले. बालगंधर्व लहानपणी जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकले, ही गोष्ट ते घरातल्या माणसाबद्दल सांगावं तशी सांगायचे. गोष्ट ठाऊक असली की मन गाण्याकडे मोकळं राहतं, हे मी त्यांच्याकडे बघूनच शिकले होते.

ऑपेरा होता 'ला ट्राविआता', संगीत ज्युसेप्पे व्हेर्दीचं. ट्राविआता म्हणजे वाट चुकलेली. पॅरिसमधली व्हिओलेट्टा नावाची एक गणिका, श्रीमंतांच्या मेजवान्यांत मिरवणारी, आतून क्षयाने पोखरलेली. आल्फ्रेदो नावाचा एक तरुण तिच्यावर मनापासून जीव लावतो. ती सगळं सोडून त्याच्याबरोबर गावाबाहेर संसार मांडते. मग एक दिवस त्याचा बाप दारात येऊन उभा राहतो. ही गोष्ट पुरती काल्पनिकही नाही. मारी द्युप्लेसी नावाची एक तरुणी पॅरिसमध्ये १८४७ साली तेविसाव्या वर्षी क्षयाने गेली. तिच्यावरून आधी कादंबरी, मग नाटक आणि त्यावरून हा ऑपेरा. त्याचा पहिला प्रयोग ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसला झाला. क्षयाचा जंतू सापडला १८८२ साली, म्हणजे ज्या दुखण्यावर हे सगळं उभं आहे ते कशाने होतं, हे त्या रात्री नाटकगृहात कोणालाच माहीत नव्हतं.

पुढचे चार दिवस मी कामं करता करता ते तुकडे ऐकले. पहिला होता अगदी सुरुवातीच्या वादनाचा. नुसती व्हायोलिनं, फार वरच्या पट्टीत आणि इतकी हळू की फोन कट्ट्यावर ठेवला तर ऐकूच येईनात. कानात इअरफोन घालून गच्चीवर बसले, बिबडे उलटत राहिले आणि तोच तुकडा सात-आठ वेळा ऐकला.

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस काही लागत नव्हतं. मी गाण्याच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्यात. माझा कान आधी षड्ज, म्हणजे सा, शोधतो. षड्ज सापडला की घरात आल्यासारखं वाटतं आणि मग बाकीचे सूर आपापल्या जागी दिसतात. इथे षड्ज जागेवर थांबेचना. आता सापडला म्हणेपर्यंत सगळं गाणं दुसऱ्या सुरावर जाऊन बसायचं. शिवाय गायिकेचा प्रत्येक लांब सूर थरथरता. सूर काठीसारखा सरळ लागला पाहिजे, असं आम्हाला वर्षानुवर्षं शिकवलेलं, त्यामुळे तो थरथराट मला सुरातला कच्चेपणाच वाटला. सरांना विचारलं. ते म्हणाले, "तंबोरा शोधू नका. खाली चेलो, ती खर्जातली तंतुवाद्यं, काय करतायत तिकडे लक्ष द्या. जमीन ते बदलतात आणि वरचं गाणं त्या जमिनीवर चालतं. आणि ती थरथर मोजून बघा, सेकंदाला पाच ते सात वेळा, अगदी एकसारखी. ती न शिकलेल्या गळ्यातून येत नाही."

मोजता काही आलं नाही, पण खालच्या वाद्यांकडे लक्ष दिल्यावर मात्र गाठ सुटली. तिसऱ्या दिवशी तोच तुकडा ऐकताना जमीन सरकते त्या जागी पोटात काहीतरी हललं. त्या क्षणापासून मला रविवारची ओढ लागली.

रविवारी काय नेसायचं, यावर आईने सकाळपासून विचार केला. टीव्हीवर अशा ठिकाणी सगळे काळे कोट घालून बसलेले तिने पाहिले होते. शेवटी तिने लग्नकार्यात नेसते ती हिरवी नऊवारी काढली. मी साधी सुती नेसले. माडीवर भिंतीला पांढरी चादर ताणलेली, समोर सतरंज्या, मागे खुर्च्या, एका खिडकीत घरघरणारा कूलर. कोपऱ्यात सरांचा तंबोरा भिंतीला टेकून उभा. आईला गुडघ्यांमुळे खुर्ची लागते, म्हणून आम्ही मागे, तंबोऱ्याच्या शेजारी बसलो.

सुरुवातीला सर थोडंच बोलले. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये १६००च्या सुमाराला काही जाणती माणसं, जुनी ग्रीक नाटकं गाऊन होत असतील या समजुतीने, तशी करून बघायला निघाली आणि त्यातून हा प्रकार जन्मला. १६३७ साली व्हेनिसमध्ये तिकीट काढून कोणालाही जाता येईल असं पहिलं ऑपेरागृह उघडलं आणि राजवाड्यातलं गाणं लोकांचं झालं. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आणलं ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. पण आपल्या नाटकात गद्य बोलता बोलता पद येतं. इथे गद्य नाहीच. "दार उघड" हेसुद्धा गाऊन. टाळ्या गाणं संपल्यावर वाजवा, मध्ये नको. गायिका आवडली तर ब्राव्हा म्हणायचं, गायक आवडला तर ब्राव्हो. समोर दिसणार होतं ते युरोपातल्या एका ऑपेरागृहातल्या प्रयोगाचं चित्रण. पडद्यावरच्या प्रेक्षकांबरोबर आपणही टाळ्या वाजवल्या तरी चालेल, असं सर म्हणाले.

दिवे गेले आणि ती गच्चीवरची व्हायोलिनं सुरू झाली. ओळखीचा सूर अंधारात भेटला की किती धीर येतो! मी आईच्या कानाशी लागून सांगू लागले, ही व्हिओलेट्टा, ही मेजवानी, हा आल्फ्रेदो. पहिला अंक झगमगाटाचा आहे. दारूचे पेले उंच धरून सगळे मिळून गातात, ते गाणं ऑपेरा न पाहिलेल्यांच्याही कानावरून कधीतरी गेलेलं असतं. आई बघत होती, पण गुंतलेली नव्हती. एकदा तिने विचारलं, "यास्ना घरमा कोनी बोलत नही का?" सगळं गाऊनच का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. अंकाच्या शेवटी व्हिओलेट्टा एकटी उरते. मी मोकळीच राहणार, असं ती चढ्या आवाजात, तानांवर ताना घेत स्वतःला बजावते, आणि बाहेरून आल्फ्रेदोचा आवाज येतो. तिचं गाणं अडखळतं, मग ती पहिल्यापेक्षा जोरात गाऊ लागते. आईने पदर सारखा केला आणि थोडी पुढे सरकून बसली.

दुसरा अंक. गावाबाहेरचं घर, आणि दारात एक वयस्कर माणूस. हॅट, काठी, ताठ मान. मी कुजबुजले, "हा आल्फ्रेदोचा बाप." समोरच्या बाई मागे वळून बघू लागल्या होत्या, म्हणून आणखी काही सांगायचं टाळलं.

बाप आधी उर्मटपणे बोलतो. पोराला नादी लावून लुटतेस, असं सुचवतो. व्हिओलेट्टा उठून उभी राहते आणि म्हणते, मी एक स्त्री आहे आणि माझ्या घरात आहे. आवाज न चढवता. आईला त्यातला शब्दही कळला नव्हता, पण ती हलकेच म्हणाली, "बरं बोलनी." मग व्हिओलेट्टा त्याच्या हातात कागद देते. संसार चालवायला ती स्वतःचंच किडुकमिडुक विकते आहे. बाप वाचतो, वरमतो आणि सूर बदलतो. संथ, गोड, समजुतीचा. मी आईला सांगायला वाकले. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब. याले आखो एक पोर व्हई. लगीननी."

मी आईकडे बघतच राहिले. पडद्यावर खाली नेमक्या त्याच ओळी येत होत्या. देवाने मला देवदूतासारखी निर्मळ मुलगी दिली आहे. आल्फ्रेदो घरी परतला नाही तर तिला मागणी घातलेला मुलगा सोयरीक मोडेल. हे सांगणारा कागद माझ्या पर्समध्ये होता. आई लिहायला-वाचायला फार शिकलेली नाही, तिने तो पाहिलाही नव्हता. त्या माणसाचं बसणं, त्याने गाण्याची पट्टी बदलणं आणि समोरच्या बाईचं हळूहळू खचत जाणं, एवढ्यावरून तिने ओळखलं.

मग मी खालच्या ओळी वाचणं सोडून दिलं आणि आईसारखं बघू लागले.

हा प्रवेश पंधरा-वीस मिनिटं चालतो. नाटकात हे बोलणं पाच मिनिटांत उरकलं असतं. इथे त्या बापाला घाई नाही, आणि माणसाला असं पटवायला लागतो तेवढा वेळ व्हेर्दी खरोखरच देतो. व्हिओलेट्टा आधी समजते की थोडे दिवस दूर राहायचंय. नाही, कायमचं. ती तडफडते, मला कोणी नाही म्हणते, मी आजारी आहे म्हणते. बाप प्रत्येक वेळी तोच संथ सूर घेऊन परत येतो. आज तू सुंदर आहेस, उद्या त्याचं मन उडालं तर? ना धर्माचं बंधन, ना घरच्यांचा आशीर्वाद. तो दुष्ट नाही, हेच भयंकर आहे. त्याचा आवाज खरोखर प्रेमळ आहे. लग्नाच्या बैठकीत असे आवाज मी ऐकलेत. तुझ्या भल्यासाठीच सांगतो म्हणणारे, पाठीवरून हात फिरवत सांगणारे.

आणि मग ती हरते. वाद्यं जवळजवळ थांबतात. दादऱ्यासारखी सहा मात्रांची, पाळणा हलावा तशी लय सुरू होते आणि ती अगदी हळू गाते: त्या मुलीला सांगा, तिच्यासाठी एका दुर्दैवी बाईने आपल्याजवळचा एकुलता एक सुखाचा किरण सोडला. एवढी किंचाळू शकणारी गायिका इथे श्वासाच्या काठावर गाते. अधूनमधून खालून बाप गातो, रड बाई, रड. मी आईकडे पाहिलं. ती रडत नव्हती. पदराचं टोक तिने तर्जनीला गुंडाळलं होतं, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. निघताना व्हिओलेट्टा त्याला म्हणते, मला मुलगी समजून एकदा जवळ घ्या. आई पुटपुटली, "हाई तं आपलीच गोट शे."

अंकाचा उत्तरार्ध मी फारसा लक्षपूर्वक पाहिला नाही, मन मागेच राहिलं होतं. पुन्हा एक मेजवानी, जुगार, आणि खरं कारण माहीत नसलेला आल्फ्रेदो जिंकलेले पैसे सगळ्यांदेखत तिच्या अंगावर फेकतो. तिने वचन दिलेलं असतं, म्हणून ती कारण सांगत नाही.

मध्यंतरात चहा आणि मुरमुऱ्यांचा भत्ता आला. सरांनी सांगितलं की व्हेनिसला पहिल्या रात्री हा ऑपेरा पडला होता. नायिकेचं काम करणारी गायिका अंगाने भरलेली, तिला क्षय झालाय म्हटल्यावर लोक हसले. व्हेर्दीने मित्राला कळवलं की चूक माझी की गायकांची, ते काळच ठरवील. पुढच्याच वर्षी व्हेनिसमध्ये दुसऱ्या नाटकगृहात तो लोकांनी डोक्यावर घेतला. व्हेर्दीला पात्रं त्याच्या काळातल्या कपड्यांत हवी होती, पण अधिकाऱ्यांनी गोष्ट दीडशे वर्षं मागे ढकलायला लावली. आजची बाई, आजचा बाप रंगमंचावर बघणं त्यांना झेपण्यासारखं नव्हतं. आणि व्हेर्दी स्वतः त्या वेळी ज्युसेप्पिना स्ट्रेप्पोनी या गायिकेबरोबर लग्नाशिवाय राहत होता. त्याच्या बुस्सेतो गावात लोक कुजबुजायचे, तिला टाळायचे. त्यांनी लग्न केलं ते १८५९ साली. लहान गावात अशा बाईकडे कसं बघतात, हे त्याने घरात बसून पाहिलं होतं. तो प्रवेश एवढा खरा का आहे, हे मला तेव्हा समजलं.

सरांची भाची मुंबईत हे गाणं शिकते, सुट्टीला आली होती. सर म्हणाले, स्पीकरमधून जे ऐकताय तो ऑपेराचा निम्माच भाग. तिकडे गायकाला मायक नसतो. समोर पन्नास-साठ वाद्यं आणि मागे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा. मी विचारलं, मग ओरडावं लागत असेल? तिने नाही म्हणून मान हलवली. "इथे हात ठेवा, मावशी." माझा तळहात तिने स्वतःच्या पाठीवर, खालच्या बरगड्यांवर ठेवला आणि श्वास घेतला. बरगड्या छत्री उघडावी तशा बाहेर आल्या. मग तिने सूर लावला, आणि सूर चालू असेपर्यंत बरगड्या आत येईनात, तशाच उघड्या राहिल्या. खांदा हलला नाही, गळ्याची शीर दिसली नाही. आम्ही श्वास पोटात घेतो, पण तो असा धरून ठेवून थेंबाथेंबाने खर्च करणं मी पहिल्यांदाच हाताने अनुभवलं. सरांनी त्यातलं शास्त्र सांगितलं. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास जास्त असतो आणि वर तो ओसरत जातो. शिकलेल्या पुरुष गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या जवळपास एक उंचवटा तयार होतो. तिथे वाद्यं कमजोर आणि आपला कान तिखट, त्यामुळे एकटा गळा साठ वाद्यांवरून ऐकू येतो. बायकांचे फार उंच सूर मुळातच वर असतात, त्या सुरागणिक तोंडाची ठेवण बदलून आवाज खुलवतात.

कूलर बंद केला. पंखेही बंद केले. मे महिन्यातली अमळनेरची माडी, दोन मिनिटांत सगळे घामाने भिजले, पण कोणी हललं नाही. एका मुलाने कीबोर्डवर साथ धरली आणि तिने तिसऱ्या अंकातलं गाणं म्हटलं. मरणाच्या दारातली व्हिओलेट्टा आपल्या गेलेल्या दिवसांचा निरोप घेते ते.

दहा फुटांवरून असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. कानांच्या आधी तो छातीच्या मधल्या हाडाला कळला. फोनमध्ये मला कच्ची वाटलेली थरथर इथे आवाजाचा जिवंतपणा होती, ज्योत हलते म्हणून ती चित्रातली नाही हे कळावं तशी. शेवटचा सूर वरचा आणि धाग्याएवढा बारीक. तो संपला. कोणी टाळी वाजवली नाही, आणि त्या शांततेत माझ्या डाव्या हाताला काहीतरी गुणगुणत होतं. तंबोरा. त्याला कोणी हात लावला नव्हता. सर म्हणाले, तो सकाळी पांढरी सहा या पट्टीत लावलेला आहे आणि हे गाणं त्याच सुरावर संपतं. आईने वाकून तारांजवळ कान नेला आणि गुणगुण विझेपर्यंत तशीच राहिली.

तिसऱ्या अंकातली एकच गोष्ट सांगते. अंथरुणावर पडलेली व्हिओलेट्टा उशीखालून एक पत्र काढते. त्या बापाचं पत्र. आणि ती ते वाचते. गात नाही, बोलून वाचते. मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातली आल्फ्रेदोच्या प्रेमाची चाल अगदी मंद. दोन तास प्रत्येक शब्द गाऊन ऐकल्यावर अचानक साधा बोलण्याचा आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. आपल्या नाटकात गद्य चाललेलं असतं आणि भावना मावेनाशी झाली की पद फुटतं. इथे उलट. इतकं दुःख की गाणंही संपलं. पत्राची सुरुवात अशी आहे: 'तुम्ही वचन पाळलंत.' बापाने आल्फ्रेदोला खरं सांगितलंय, तो माफी मागायला येतोय. पत्र संपतं आणि ती दोनच शब्द उच्चारते. उशीर झाला.

आल्फ्रेदो येतो, बापही येतो. शेवटी एक क्षण तिचं दुखणं थांबतं, ती उठून उभी राहते, जगते आहे मी, असं तिला वाटतं, आणि कोसळते. आईने विचारलं, "मरता मरता कितली गास ती?" मी तिला म्हटलं, मरणारी बाई तोंडाने गात नाहीये, तिच्या मनात चाललंय ते आपल्याला ऐकू येतंय. आईला ते लगेच पटलं. आपल्याकडे माणूस गेल्यावर बायका गळ्यात गळा घालून चालीवर रडतात, ते तिने आयुष्यभर पाहिलं आहे, स्वतःही केलं आहे.

साडेदहाला आम्ही निघालो. गल्लीत लोक खाटा टाकून झोपले होते. आई नेहमीपेक्षा सावकाश चालत होती. कोपऱ्यावरच्या ओट्याशी ती टेकली आणि म्हणाली, "तुनी मोठी फुईनं बी आसंच व्हयनं व्हतं."

माझी मोठी फुई, म्हणजे आत्या, शिक्षिका होती. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला, मग तिने शिक्षणाचा कोर्स केला आणि दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत नोकरी धरली. आम्हा पोरांना ती कडक आणि तुसडी वाटायची. कोणाच्या लग्नाला यायची नाही, आली तर अक्षता पडल्या की निघून जायची. आई मला जे सांगू लागली ते मी कधीच ऐकलं नव्हतं. तिच्या शाळेतले एक सर तिला लग्नाचं विचारत होते. जात वेगळी. फुईने होकार दिला होता. आई तेव्हा नवीन सून, शिवणकाम शिकायला फुईजवळ तिच्या भाड्याच्या खोलीत राहत होती. एका दुपारी आजोबा आले. धोतर, टोपी, हातात काठी. ओरडले नाहीत. पाणी प्यायले आणि म्हणाले, तुझ्यामागे दोघी लगीनच्या आहेत. तू हे केलंस तर त्यांना कोण मागणी घालील? आई पडद्यामागे चहा करत होती. चहा उकळून उकळून काळा झाला, तरी तिला बाहेर जाता येईना.

"मंग?" मी विचारलं.

फुई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, पोरींना यातलं काही कळू देऊ नका. आणि त्या सरांनाही कारण सांगू नका, मीच सांगेन की माझं मन फिरलं. महिनाभरात तिने लांबच्या गावी बदली मागून घेतली. दोघी धाकट्या फुया चांगल्या घरी पडल्या, पोराबाळांत रमल्या. त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आता तिघीही नाहीत, म्हणून आईने मला सांगितलं, आणि लिहू का म्हणून विचारलं तर लिही म्हणाली.

आम्ही घराशी आलो. झोक्याची दोरी अंधारात हलत होती. मी दाराचं कुलूप काढता काढता विचारलं, ते सर कोण होते, आपल्याच भागातले का, कुठे असतात आता.

आई पायरीवर थांबली.

"तेनं नाव नको इचारू. मी तिले वचन देयेल शे."